कोबीच्या दिवसांतली पाटी

गाडीच्या मागच्या सीटवर कोबीची दोन खोकी आहेत आणि पुढच्या सीटवर मी. मला राखणीला बसवून बाकीची माणसं दुकानात गेली आहेत. राखण कसली, या गावात कुणी कोबी चोरत नाही. पाय दुखतो म्हणून बसवलंय, ते मला कळतं. पण राखण म्हटलं की मान राहतो. हीटरची ऊब पायाशी येते आणि काचेबाहेर अमेरिकेतल्या या पार्सिपनीचा नोव्हेंबर उभा आहे, पानं झडलेला, राखाडी, कुणाशी न बोलणारा.

हे कोरियन लोकांचं दुकान. दारापासून पार गाड्या लावायच्या जागेपर्यंत खोकी रचलीत. आपल्यासारखा गोल गड्डा नव्हे हा. लांबट, पांढऱ्या जाड देठांचा, तान्ह्या पोरासारखा दोन्ही हातांत घ्यावा लागतो असा. बायका एकेक गड्डा उचलतात, तोलतात, बुडाशी अंगठा दाबून बघतात, नाक मुरडून ठेवून देतात आणि दुसरा घेतात. नवरे मुकाट्यानं गाड्या भरतात. वर्षाची किमची घालायची असते ना. लोणचं म्हणा, भाजी म्हणा, तिच्यावाचून त्यांचा घास उतरत नाही. आमच्या बार्शीत तिखट कांडायचे दिवस आले की सगळी गल्ली शिंकत असायची, तसं या दिवसांत इथं. लसूण, आलं, तिखट आणि मुरवलेल्या मासळीच्या पाण्याचा वास.

काच बंद आहे तरी वास आत येतो. आणि वास आला की मला ते वर्ष आठवतं. चार वर्षं झाली, तरी आठवतंच.

त्या वर्षी, म्हणजे २००४ साली, मी इथं लग्न मोडायला आलो होतो. आता लपवण्यात काय आहे. संदीपची आई जाऊन दोन वर्षं झाली होती. एकुलतं एक पोर, कॉम्प्युटरच्या नोकरीत, आणि फोनवर म्हणतं, बाबा, मुलगी कोरियन आहे, सूजिन नाव, तुम्ही या, भेटा, मग ठरवू. 'मग ठरवू' हे माझं मन राखायला होतं. हॉल त्यानं आधीच बुक केला होता, डिसेंबरचा. मी विमानात बसलो ते मनाशी एकच घोकत, की पोराला घेऊन यायचं, नाहीतर निदान हे तरी मोडायचं.

मी चौथी शिकलेला माणूस. पण बार्शीच्या बाजारपेठेत चाळीस वर्षं लोक माझं अक्षर वाचून दुकानात शिरले. कापडवाला, भांडीवाला, डॉक्टर, वकील, सगळ्यांच्या पाट्या माझ्या. पेंटर म्हटलं की मीच. परांचीवरून पडलो, डावा पाय गेला, काठी आली, तरी ब्रश सोडला नाही. गिऱ्हाईक रंग सांगायला लागलं तर मी म्हणायचो, दुकान तुमचं, पाटी माझी. असा माणूस. तो विमानातून उतरला आणि पोराच्या घरात उगी बसून राहिला.

घर नवीन होतं, त्याच महिन्यात घेतलेलं. एका रविवारी सूजिनची आई घर बघायला आली. नवरा नाही, इथंच या देशात वारला. कपडे दुरुस्तीचं दुकान चालवायची, अजूनही चालवते. मी दाराकडं डोळे लावून बसलो होतो, कुठं चुकते ते बघायला. ती दारातच चपला काढून, त्यांची तोंडं बाहेरच्या बाजूला वळवून, नीट जोडून आत आली. आमच्या संदीपला तीस वर्षांत हे जमलं नव्हतं. मला जरा रागच आला. चुकली असती तर बरं झालं असतं.

मग तिनं भेट दिली. दोन्ही हातांनी, कमरेत वाकून, मोठा गठ्ठा. मी एका हातानं घेतला, दुसऱ्या हातात काठी होती. तिनं माझ्या त्या एका हाताकडं पाहिलं. मी गठ्ठ्याकडं पाहिलं. संडासातला कागद. चोवीस गुंडाळ्या.

मी संदीपला म्हटलं, "हे काय आहे?"

"बाबा, गिफ्ट आहे. थँक यू म्हणा."

"घरभरणीला बाई संडासचा कागद देते आणि मी थँक यू म्हणू? आपण पाण्यानं धुतो हे टोचून दाखवायला आणलाय तिनं."

"बाबा, प्लीज. इश्यू करू नका."

मग जेवायला बसलो. बसता बसता तिनं माझं वय विचारलं. नाव नाही, गाव नाही, आधी वय. तिचं कोरियन सूजिन इंग्रजीत करायची, ते इंग्रजी संदीप मराठीत करायचा, आणि माझं उत्तर त्याच वाटेनं उलटं जायचं. मधल्या वेळेत आम्ही दोघं एकमेकांच्या कपाळाकडं बघत बसायचो. पासपोर्टात माझं वय पासष्ट. पण तो पासपोर्ट शाळेच्या दाखल्यावरून, आणि दाखल्यावर गुरुजींनी माझ्या पिढीतल्या सगळ्या पोरांसारखी एक जून घातलेली, वर्षही अंदाजानं. आई म्हणायची, थोरल्या चुलत्याच्या लग्नात तू रांगत होतास. त्या हिशेबानं मी अडुसष्ट. मी अडुसष्ट म्हणालो. ती म्हणाली ती सदुसष्ट, पण त्यांच्यात मूल जन्मतं तेच एक वर्षाचं धरतात, म्हणजे पासपोर्टानं सहासष्ट. मग तिनं संदीपला विचारलं, तुझ्या वडिलांचा पासपोर्ट काय म्हणतो. त्या गाढवानं खरं सांगितलं.

मी म्हटलं, "पासपोर्ट खोटा आहे म्हणून सांग."

सूजिननं ते कसं सांगितलं देव जाणे. बाईनं मान डोलावली आणि हात मांडीवर ठेवले. ताटं वाढलेली. भात, रस्सा, वाट्याच वाट्या. कुणी हात लावीना. आपल्याकडं पाहुण्याला घ्या घ्या म्हणतात, पाहुणा सुरू करतो, मग घरचे. मी तिच्या घासाची वाट बघत बसलो. ती माझ्या. रश्श्यावरची वाफ कमी झाली, मग दिसेनाशी झाली. मला वाटलं, आमच्या हातचं खायचं नाही हिला. संदीप माझ्या कानाशी पुटपुटला, "बाबा, तुम्ही चमचा उचला. वडीलधारा उचलतो, मग बाकीचे." मी अडुसष्ट म्हणालो होतो ना. मोठेपण मागून घेतलं होतं, आता ते ताटात गार होत होतं.

चिडून चमचा उचलला, दोन घास खाल्ले आणि तो भातात उभा रोवून पाण्याचा पेला घेतला. सूजिनचा हात इतक्या झटकन आला की पेला सांडता सांडता राहिला. तिनं चमचा काढून आडवा ठेवला. तिच्या आईनं पाहिलं होतं. भातात उभा चमचा त्यांच्यात मेलेल्या माणसापुढं ठेवतात, हे मला त्या रात्री कळलं. तिथं टेबलावर मला एवढंच दिसलं, की कालची पोर माझा चमचा हलवते. मी संदीपला म्हणालो, "लग्नाला मी हो म्हटलेलं नाही. सांग त्यांना."

संदीपनं सांगितलं नाही. पण सूजिनला तोवर 'नाही' हा शब्द समजायला लागला होता, आणि तिच्या आईला माझा चेहरा.

मी आता हे आठवतो तेव्हा मला हसू येतं. तेव्हा येत नव्हतं. त्या घरात दिवस कसे जायचे सांगतो. सकाळी संदीप ऑफिसला. दिवसभर मी आणि भिंती. संध्याकाळी सूजिन यायची, आणि आली की दारातूनच विचारायची, "बाबा, जेवलात?" एवढं मराठी ती शिकली होती. पहिले काही दिवस मला वाटलं, ही हजेरी घेते, घरातलं काय संपवलं ते बघते. मग कळलं, त्यांच्यात रामराम म्हणजेच हे. माणूस भेटला की आधी जेवलास का. मी दर वेळी 'जेवलो' म्हणायचो, उपाशी असलो तरी. पण दुपारपासून घड्याळाकडं बघायचो हेही खरं.

मी उठलो की ती उठायची. माझ्यापुढून कधी गेली नाही. पेअरचं साल एका सलग फितीत सोलायची आणि फोड दोन्ही हातांनी पुढं करायची. एकदा मी त्या संडासच्या कागदाचा विषय काढलाच. ती हसली नाही. एक गुंडाळी आणली, जमिनीवर ठेवून हलकेच ढकलली. कागद उलगडत सरळ भिंतीपर्यंत गेला, कुठं अडला नाही. "असं," ती म्हणाली, "नवीन घरात सगळं असं." नव्या संसारात काही अडू नये, म्हणून दिला होता. मी म्हटलं, हां. तिच्या आईबद्दल मनात धरलेलं सोडलं मात्र नाही. राग धरलेला असला की म्हाताऱ्याला ऊब असते.

पण त्याच आठवड्यात मी तिला कागद-पेन्सिल देऊन म्हटलं, "तुझं नाव. तुझ्या अक्षरात." तिनं लिहिलं. का म्हणून विचारलं नाही.

काय अक्षरं होती ती. मी उभ्या आयुष्यात मराठी, इंग्रजी, कानडी, उर्दू पाट्या काढल्या. वाचता मराठीच येते, बाकीची मी चित्रं म्हणून काढली. पण असं चित्र पाहिलं नव्हतं. पहिलं अक्षर म्हणजे एक गोल भाकरी आणि शेजारी उभी काठी. दुसरं म्हणजे वर घराचं छप्पर, त्याखाली आडवी फळी, फळीला खाली ठोकलेला खिळा. तिसऱ्यात पुन्हा छप्पर, त्याच्या बाजूला काठी, आणि खाली सगळ्याला आधार दिल्यासारखा कोपरा. तिन्ही अक्षरं आपापल्या चौकटीत बसलेली, एकमेकांना धक्का न देता. पहिलं अक्षर तिच्या माहेरच्या आडनावाचं. त्यांच्यात लग्न झालं तरी बाई बापाचंच आडनाव लावते. हे ऐकलं तेव्हा मी दोन दिवस धुसफुसत होतो. तरी ते अक्षर मी गाळलं नाही. ही माझ्याकडून केवढी गोष्ट होती, हे पाटी बघणाऱ्या कुणालाच कळणार नव्हतं.

गॅरेजमध्ये बसून मी दाराची पाटी केली. चांगलं लाकूड, दोनदा अस्तर, दोरी धरून रेघा. वर मराठीत 'संदीप', खाली कोरियनमध्ये ती तीन अक्षरं. आठ दिवस लागले. थंडीत रंग वाळत नाही, मी पाटी पाण्याच्या बंबाशी टेकवून ठेवायचो. रंग कोणता हा प्रश्नच नव्हता. पांढऱ्यावर लाल. लग्नाचं नाव आणखी कोणत्या रंगात लिहितात? पत्रिकेवर कुंकू लागतं, मुंडावळ्यांच्या आत कपाळावर कुंकू लागतं. तोंडानं 'हो' म्हणायला माझी जीभ वळत नव्हती. ब्रश वळत होता. ती पाटी म्हणजे माझा होकार होता.

पुढच्या रविवारी बाई पुन्हा आली, लग्नाचं बोलायला. मी वर्तमानपत्रात गुंडाळलेली पाटी आणली आणि एका हातानं तिच्यापुढं केली. कागद तिनंच सोडला.

सूजिनचं तोंड आधी उतरलं. ती पुढं झाली, कागद परत झाकायला. पण आईनं तिचा हात बाजूला केला आणि त्या तीन अक्षरांकडं बघत राहिली. मी वाट बघत होतो, आता म्हणेल, काय वळण आहे. तिला वाचता येत होतं, मला येत नव्हतं, एवढाच फरक होता आमच्यात. ती एक वाक्य बोलली. कोरियनमध्ये. हळू.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

सूजिननं इंग्रजीत काही केलं नाही. संदीपनं मराठीत काही केलं नाही. बाईनं पाटी उलटी करून टेबलावर ठेवली, चपला घातल्या आणि गेली. मागोमाग सूजिन, आणि त्यांना सोडायला संदीप.

संदीप परत आला तो दारातच उभा राहिला. "बाबा, तुम्ही रेडमध्ये का लिहिलं?"

"मग कशात लिहू?"

"त्यांच्यात जिवंत माणसाचं नाव रेडमध्ये लिहीत नाहीत. मेलेल्याचं लिहितात. तुम्हाला माहितीय सूजिनची आई काय म्हणाली? म्हणाली, मुलगी नको होती तर तोंडानं सांगायचं होतं."

मी खाली बसलो. पण बसलो तरी मी मीच. म्हटलं, "आपल्यात लाल शुभ असतो. त्यांनी विचारायचं होतं."

"तुम्ही विचारलं होतं, टॉयलेट पेपरचं?"

मी आवाज चढवला. काय बोललो ते आठवत नाही, आठवलं तरी सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं ऑफिसातून फोन केला. "हॉल कॅन्सल करायला लावला त्यांनी. सूजिन म्हणते आईला सोडून नाही करणार. झालं तुमच्या मनासारखं."

झालं खरं. ज्याच्यासाठी सात समुद्र ओलांडून आलो ते झालं. आणि ते झालं त्या दिवशी मला ते नको होतं.

संध्याकाळी दार वाजलं नाही. जेवलात का म्हणून कुणी विचारलं नाही. मी आणि संदीप एका टेबलावर बसून आपापल्या ताटाकडं बघून जेवायचो. त्यानं चढा आवाज काढला असता तर मला जमलं असतं, भांडणात मी मागं सरत नाही. तो शांतपणे म्हणाला, "बाबा, मी तुमच्याशी बोलणं टाकणार नाही. पण बोलायला काही उरणार नाही." डिसेंबरात माझं परतीचं तिकीट होतं. मला दिसत होतं, विमानतळावर तो पाया पडेल, बॅग उचलेल, आणि मग महिन्याला एक फोन. तब्येत कशी आहे, बरी आहे.

मी मात्र मनात एकच धरून. चूक माझी नाही. नियम मला ठाऊक नव्हता. ठाऊक नसलेल्या गोष्टीची माफी कशी मागायची?

उलट्या पाटीकडं बघत बसलो होतो तेव्हा मला शंकरअप्पाची बायको आठवली.

फार जुनी गोष्ट. बार्शीत एका धर्मशाळेच्या देणगीदारांची पाटी माझ्याकडं आली. नावांची यादी, त्यात बरीच मागं कैलासवासी झालेली. 'कै., कै., कै.' लिहीत गेलो आणि हाताच्या ओघात शंकरअप्पाच्या नावाआधीही 'कै.' काढला. माणूस धडधाकट, रोज आमच्या दुकानावरून जाणारा. दुसऱ्या दिवशी त्याची बायको आली. भांडली नाही. दुकानाच्या पायरीशी उभी राहिली. मी हसून म्हटलं, "पुसतो की वहिनी. एका अक्षराचं काय एवढं?"

ती म्हणाली, "तुमचं अक्षर आहे, पेंटर. माझं कुंकू आहे."

मी टर्पेन्टाइननं पुसलं, नाव नव्यानं काढलं. माफी तेव्हाही मागितली नव्हती. शंकरअप्पा पुढं वीस वर्षं जगला, पण ती बाई मला रस्त्यात दिसली की पदर सावरून पलीकडच्या बाजूनं जायची. वीस वर्षं मी म्हणत राहिलो, बाई वेडी आहे.

आता पार्सिपनीच्या त्या टेबलापाशी मला कळलं, मी एका विधवेच्या हातात तिच्या एकुलत्या पोरीच्या नावाआधी 'कै.' लिहून दिला होता. आणि वर वाट बघत उभा होतो, वळणाची तारीफ करते का म्हणून.

पाटी गॅरेजमध्ये नेली आणि खरवडायला घेतली. लाल सहजी जात नाही. लाकूड तो पितं. वरचा थर निघतो, मग रेषांत तो शिरलेला दिसतो, तांबूस, जखमेच्या कडेसारखा. पत्री मारली, पॉलिश पेपर मारला. बोटांत थंडी शिरायची, मग बंबाला हात लावून पुन्हा. दोन दिवस. अक्षरं गेली, अस्तर गेलं, लाकूड मधे पातळ झालं. शेवटी कोरी फळी उरली.

संदीपला म्हटलं, "मला तिच्या आईकडं ने."

"सॉरी म्हणणार असाल तर नेतो."

"ते नाही म्हणणार."

त्यानं माझ्या हातातली कोरी फळी पाहिली. मग त्यानं गाडीची किल्ली घेतली.

शनिवार होता. सूजिननं दार उघडलं आणि हाच वास अंगावर आला, जो आत्ता या गाडीत आहे. तिच्यामागं न्हाणीघराचं दार उघडं होतं आणि टबात कोबी. अख्खा टब मिठाच्या पाण्यातल्या कोबीनं काठोकाठ भरलेला. आत जमिनीवर प्लास्टिक अंथरून बाई बसली होती, कोपरापर्यंत रबरी मोजे, परातीत तिखटाचा लाल लगदा. भिजलेल्या गड्ड्याचं एकेक पान उचलून ती आत लगदा चोळत होती. मला पाहून तिचा हात थांबला नाही.

मी चपला काढल्या, तोंडं बाहेरच्या बाजूला वळवली. काठी भिंतीला टेकवली. ती कोरी फळी दोन्ही हातांत धरली आणि तिच्यापुढं उभा राहिलो. काठीशिवाय मी फार वेळ उभा राहू शकत नाही. पाय थरथरायला लागला, फळीही. जमीन खालून गरम होती, विजेची चटई घालतात ते. तेवढाच आधार.

"विचार त्यांना," मी संदीपला म्हटलं, "कोणत्या रंगात लिहू."

संदीपनं माझ्याकडं वळून पाहिलं. उभ्या जन्मात मी कुणाला रंग विचारलेला त्यानं ऐकला नव्हता. प्रश्न त्याच्याकडून सूजिनकडं गेला, सूजिनकडून तिच्याकडं. तिनं फळीकडं पाहिलं. मधे पातळ झालेलं लाकूड पाहिलं. कपड्याला जन्मभर हात लावलेली बाई, किती उसवून पुन्हा शिवलंय ते तिला दिसत असणार. उत्तर आलं, "काळा. शाईसारखा."

काळा. लग्नाच्या पाटीला.

"बाबा, ब्लॅक चालेल ना?"

"आपल्यात मंगल कार्यात काळं..."

"बाबा, आता पुन्हा नको."

पण सूजिननं ते ओळखलं आणि आईला सांगितलं. बाईचा हात थांबला. मग तुमच्यात कोणता, तिनं विचारलं. मी हनुवटीनं तिच्या मोज्यांकडं खूण केली. लाल. कुंकवाचा. ती आपल्या हातांकडं बघत बसली.

मला वाटलं, तोडगा माझ्याकडं आहे. म्हटलं, "असं करतो. संदीपचं लाल लिहितो, सूजिनचं काळं. ज्याचं त्याला शुभ."

वाक्य तिच्यापर्यंत पूर्ण पोचायच्या आधीच तिनं मान हलवायला सुरुवात केली. बरंच बोलली. सूजिननं इंग्रजी मधेच सोडलं आणि ती संदीपच्या वाटेनं न जाता सरळ माझ्याकडं वळून तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "आई म्हणते, संदीप पण लाल नको. त्याला काही झालं तर? तो आमच्याकडे जेवतो. आमचा पण आहे."

माझ्या पोराचं नाव लालात नको, कारण त्याला काही व्हायला नको. ज्या बाईला मी मरणाची पाटी दिली होती ती हे म्हणत होती.

मी म्हटलं, "मग तिचंही काळं नको. माझ्या सुनेचं नाव मी काळ्यात काढणार नाही."

सून हा शब्द मी ठरवून बोललो नव्हतो. भरल्या ब्रशातून थेंब ओघळतो तसा तो पडला. संदीपनं त्याचं इंग्रजी केलं नाही, गरजही पडली नाही.

लाल नाही, काळा नाही. बाईनं मोजे उतरवले, शेजारच्या ढिगात हात घातला. गड्ड्यांची वरची राकट पानं काढून टाकलेली असतात, त्यांचा ढीग. त्यातलं एक तिनं निवडलं, कापडावर पुसलं, आणि माझ्या हातांतल्या फळीवर अंथरून ठेवलं. मग माझ्याकडं पाहिलं. चालेल?

हिरवं. ओलं, शिरांचं, गडद हिरवं. आपल्यात नवरीच्या हातात चुडा भरतात, तेच. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मीही तेव्हा सांगितलं नाही, चालेल म्हणून मान तेवढी डोलावली.

जेवायला जमिनीवरच बसलो. ताजी किमची, उकडलेलं मांस, भात. सगळे थांबले. संदीपनं माझ्याकडं पाहिलं, सूजिननं पाहिलं, बाईनंही. माझा चमचा माझ्यापुढं आडवा होता.

"त्यांना सांग," मी म्हणालो, "पासपोर्ट खरा आहे. त्या मोठ्या."

त्यांनी ते ऐकून घेतलं. मग चमचा उचलला. रस्सा अजून गरम होता.

माझ्या पानात पडलेली किमची मी खाल्ली आणि म्हटलं, "रंग आहे, पण झणका नाही. बार्शीचं तिखट पाठवतो." हे मात्र संदीपनं शब्दाला शब्द सांगितलं, आणि विहीणबाई पहिल्यांदा हसल्या.

डिसेंबरचा हॉल गेला तो गेलाच. लग्न फेब्रुवारीत झालं, बर्फात, मी तिकीट पुढं ढकललं. पाटी दारावर आहे. उन्हाची बाजू असल्यानं दर वर्षी थोडी विटते, आणि दर वर्षी कोबीच्या दिवसांत मी तिला नवा हात देतो. डब्यावरचा आकडा बघून घेतलेला हिरवा मला पटत नाही. इथं रंगाच्या दुकानात नमुना दाखवला की यंत्र तोच रंग कालवून देतं. म्हणून या खोक्यातलं वरचं एक पान मी आत्ताच काढून घेतलंय. राखणीला बसवलेल्यानंच चोरी केली.

आल्या बघा. सूजिनच्या हातात मुळ्यांची पिशवी, विहीणबाईंच्या कडेवर माझी नात. पोर आमच्यात दोन वर्षांची, त्यांच्यात तीनची. विहीणबाई काचेवर बोटानं टकटक करतात. एवढं मराठी त्याही शिकल्या आहेत.

"जेवलात?"

घरातून जेवूनच निघालो होतो. मी खिडकीतून मान हलवून नाही म्हणतो.